दुपारी पुणं लागत नाही, मद्रास लागतं

टेलिफोन एक्स्चेंजमधली बिघडलेली सर्किटची कार्डं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातलं एक कार्ड माझ्या टेबलावर तीनदा आलं. तिन्ही वेळा सोबतच्या चिठ्ठीवर मजकूर तोच: ‘सकाळी चालते. दुपारी बाहेरगावचे नंबर लागत नाहीत.’ मी ते जोडायचो, मोजायचो, सगळं जिथल्या तिथे. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवायचो आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा हजर. डॉक्टरसमोर नेलं की ताप उतरणाऱ्या पोरासारखं.

तिसऱ्या खेपेला मी चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच फोन लावला. एकही नंबर लागत नाही का? तो म्हणाला, ‘तसं नाही साहेब. पुणं लागत नाही, मुंबई लागत नाही, नागपूर लागत नाही. मद्रास मात्र मधूनच लागतं.’ आधी मला हसूच आलं. मग कागदावर गावांचे एसटीडी कोड लिहून काढले. मुंबई ०२२, पुणे तेव्हा ०२१२, नागपूर ०७१२. आणि मद्रास ०४४. कॉल २ या आकड्याशी अडत होता.

आमच्या दुरुस्तीच्या खोलीत एसी होता, पारा कायम २४ वर. कार्ड ज्या गावात बसायचं तिथे एप्रिल होता. रॅकच्या आत तर तिथल्या खोलीपेक्षाही दहाबारा अंश जास्त. म्हणजे दोष होता, पण तो माझ्या खोलीत यायला तयार नव्हता.

आता २ या आकड्याने काय घोडं मारलं होतं ते बघू. त्या काळी एक एक्स्चेंज दुसऱ्याला नंबर कळवायचं ते सुरांच्या भाषेत. आर-टू नावाची ती पद्धत आपल्याकडे सर्रास होती. पुढे जाणारे सूर सहा: १३८०, १५००, १६२०, १७४०, १८६० आणि १९८० हर्ट्झ. प्रत्येक आकडा म्हणजे यातल्या दोन सुरांची जोडी. १ म्हणजे १३८० आणि १५००. २ म्हणजे १३८० आणि १६२०. ४ म्हणजे १३८० आणि १७४०. समोरच्या एक्स्चेंजला जोडी ओळखू आली की ते उलट दिशेने पोच देणारा सूर पाठवतं आणि ती पोच मिळाल्याशिवाय इकडून पुढचा आकडा सुटत नाही. जोडी ओळखलीच गेली नाही तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि ठरावीक वेळाने कॉल तुटतो. १६२० हा सूर २, ३, ६ आणि ९ या चार आकड्यांत लागतो. महाराष्ट्रातल्या एसटीडी कोडमध्ये २ हा आकडा फार. म्हणून पुणं गेलं, मद्रास राहिलं.

शेजारच्या दोन सुरांत अंतर १२० हर्ट्झचं. म्हणजे १६२० चा सूर ६० हर्ट्झने वर चढला की तो १६२० आणि १७४० यांच्या बरोबर मध्यावर, ना इकडचा ना तिकडचा. त्याहून वर गेला तर १७४० लाच जवळ. गाणाऱ्याने शुद्ध गंधार लावायला जावं आणि तो मध्यमाकडे सरकत राहावा, तसं.

मी कार्डाभोवती खोक्याचा आडोसा केला, आत १०० वॅटचा बल्ब लोंबकळत सोडला आणि कार्डावरच्या १६२० चा सूर काढणाऱ्या ऑसिलेटरवर, सुराचे हर्ट्झ मोजणारा फ्रिक्वेन्सी काउंटर लावून चहा घेत बसलो. काउंटरवर १६२०. पाच मिनिटांनी १६३१. मग १६५४. चहा संपेपर्यंत १७०० च्या जवळ. बाकीचे पाच सूर जागचे हलले नव्हते.

भिंग घेऊन पाहिलं. बाकी पाच ऑसिलेटरांत पारदर्शक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) होते, आतली चांदीसारखी पत्री दिसणारे. आमच्या भाषेत स्टायरोफ्लेक्स. सहाव्यात त्याच जागी, त्याच किमतीचा, बोटाच्या नखाएवढा तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर. आधी कुणीतरी दुरुस्ती करताना हाताला लागला तो लावला होता. कॉइलच्या गाभ्यातला स्क्रू फिरवून सूर बरोबर १६२० वर आणला होता. एसीच्या खोलीत.

ऑसिलेटरचा सूर कॉइल आणि कपॅसिटर या दोघांच्या गुणाकारावर ठरतो. झोक्याची दोरी लांब केली की झोका संथ होतो, तसा हा गुणाकार वाढला की सूर उतरतो, घटला की चढतो. वर्गमुळाचा हिशोब असल्याने गुणाकारात १ टक्का फरक पडला तर सुरात अर्धा टक्का पडतो. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची धारणक्षमता तापल्यावर १० टक्क्यांनीही सहज घटते. मग १६२० चे १७०० व्हायला वेळ लागत नाही. स्टायरोफ्लेक्स म्हणजे पॉलिस्टायरीनची फिल्म. त्याची क्षमता दर अंशाला दहा लाखांत साधारण १२० भागांनी घटते. तीस अंशांना ०.३६ टक्के. एवढ्यानेच सूर हलला तर तीनेक हर्ट्झ.

पण गंमत पुढेच आहे. पॉलिस्टायरीन निवडायचं कारण नुसतं ‘फरक कमी पडतो’ एवढंच नव्हतं. फेराइट या चुंबकी पदार्थाच्या गाभ्यावरची कॉइल तापली की तिचं मूल्य थोडं वाढतं. कपॅसिटरचं थोडं घटतं. गाभा बनवणाऱ्यांनी फेराइटचं मिश्रण आणि गाभ्यातली फट अशी बेतली की एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत जिरावी. दोन चुका समोरासमोर उभ्या करायच्या आणि त्यांना भांडू द्यायचं. लंबकाच्या घड्याळात जॉन हॅरिसनने १७२० च्या दशकात पितळ आणि पोलादाच्या दांड्या अशाच एकमेकींविरुद्ध लावल्या होत्या: एकीने लंबक खाली ढकलायचा, दुसरीने वर ओढायचा. म्हणून त्या तपकिरी सिरॅमिकचा राग येतो. त्याने सूर बिघडवलाच, वर आपल्या जोडीदाराची अर्धी लढाईही मोडली. (स्टायरोफ्लेक्सचा एक दोष सांगायला हवा. सोल्डरिंगची इस्त्री क्षणभर जास्त टेकली की फिल्म वितळते आणि कपॅसिटर गेला. कदाचित म्हणूनच त्या भल्या माणसाने सिरॅमिक लावला असेल.)

सूर झाला. आता सुराचा जोर, म्हणजे आउटपुटची पातळी. इथे खरा खोडकर म्हणजे ट्रान्झिस्टर.

घरी मल्टिमीटर असेल तर एक साधा सिलिकॉन डायोड घ्या, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि जोडा. मीटर ०.५९ व्होल्टच्या आसपास दाखवेल. आता डायोड दोन बोटांच्या चिमटीत धरा. आकडा उतरायला लागतो. ५९२ मिलिव्होल्ट, ५८८, ५८१. बोटाची ऊब खोलीपेक्षा आठदहा अंश जास्त, आणि सिलिकॉनचा जोड दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये असाच जोड असतो. २ मिलिव्होल्ट हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण बेसवर ठरावीक व्होल्टेज धरून ठेवलं आणि ट्रान्झिस्टर २० अंशांनी तापला तर त्यातला प्रवाह जवळपास साडेचार पट होतो. सुरुवातीच्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचं तर विचारूच नका. त्यातला गळतीचा प्रवाह दर दहाएक अंशांना दुप्पट. प्रवाह वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की प्रवाह वाढतो, आणि शेवटी धूर.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हच्या काळात ही डोकेदुखी एवढी नव्हती, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड मुळातच ७०० अंशांच्या पुढे तापवलेला असतो. बाहेर चंद्रपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, त्याला काय फरक पडणार? ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत जन्मला, त्याला तापवावं लागत नाही म्हणून सगळे हरखले. पण जो स्वतः तापत नाही तो खोलीच्या तापमानाचा गुलाम होतो, हे लवकरच कळलं.

उपाय एका रेझिस्टरचा. तो एमिटरच्या पायात बसवतात. ट्रान्झिस्टर तापून प्रवाह वाढायला लागला की या रेझिस्टरवरचं व्होल्टेजही वाढतं. बेसचं व्होल्टेज तेवढंच असल्याने बेस आणि एमिटरमधला फरक आपोआप आवळला जातो आणि प्रवाह मागे येतो. समजा या रेझिस्टरवर १ व्होल्ट पडतोय. २० अंशांनी जोड ४० मिलिव्होल्टने सरकला, तर प्रवाहात फरक जेमतेम ४ टक्के. साडेचार पटीऐवजी ४ टक्के, तेही अगदी स्वस्तातल्या एका भागाने. इलेक्ट्रॉनिक्समधली सगळ्यात किफायतशीर गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

याच कल्पनेचा थोरला भाऊ म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबचा २९ वर्षांचा इंजिनिअर हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावाना फेरीबोटीतून कामाला निघाला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरांची चंचलता त्याला कित्येक वर्षं छळत होती. बोटीवरच त्याला सुचलं आणि त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर समीकरणं लिहिली. सुचलेलं उलटं होतं: ॲम्प्लिफायरची बरीचशी ताकद मुद्दाम वाया घालवायची.

हिशोब करून बघा. ॲम्प्लिफायर मूळचा १०,००० पट वाढवणारा. त्याच्या आउटपुटचा शंभरावा भाग उलटा करून इनपुटला परत दिला. आता एकूण वाढ उरते १०,००० भागिले १०१, म्हणजे ९९. उन्हाने ॲम्प्लिफायरचा जीव निम्मा झाला, ५,००० पट. तर वाढ ५,००० भागिले ५१, म्हणजे ९८. आत निम्म्याने कोसळलं आणि बाहेर फक्त १ टक्का. आउटपुट आता ट्रान्झिस्टरवर किंवा व्हॉल्व्हवर अवलंबून नाही. ते ‘शंभरावा भाग’ मोजून देणाऱ्या दोन रेझिस्टरांवर अवलंबून आहे, आणि रेझिस्टर तापमानाला फारसे भीक घालत नाहीत. हातात आलेली दहा हजार पटींची वाढ फेकून शंभरावर समाधान मानायचं, हे तेव्हाच्या लोकांच्या गळी उतरत नव्हतं. ब्लॅकने १९२८ मध्ये अर्ज केलेलं पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

एवढं करून एक्स्चेंजच्या भिंतींच्या आतलं सगळं ताळ्यावर आलं. पण सिग्नल भिंतींच्या आत राहत नाही.

बाहेर तांब्याची तार आहे, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. घरापर्यंतच्या जोडतारेला याचा त्रास बेताचा. पाच किलोमीटर लांबीच्या अर्धा मिलिमीटर तारेच्या जोडीचा रोध ९०० ओहमच्या आत असतो, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यात शंभरेक ओहमची भर पडली तरी एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरी ते पचवते. लांब पल्ल्याच्या कोअॅक्सियल केबलचं, म्हणजे नळीच्या मधोमध तार असलेल्या केबलचं, मात्र वेगळं. १२ मेगाहर्ट्झच्या व्यवस्थेत एका नळीतून एका दिशेचं २,७०० संभाषणांचं बोलणं जायचं आणि सर्वांत वरच्या वारंवारतेला दर किलोमीटरला ८ डेसिबलच्या आसपास घट व्हायची. म्हणून दर साडेचार किलोमीटरला एक ॲम्प्लिफायर. शंभर किलोमीटरला घट ८०० डेसिबलच्या वर. केबलची घट दर अंशाला ०.२ टक्क्यांनी वाढते. जमिनीखालची माती दहा अंशांनी तापली की १६ डेसिबल जास्तीचे गेले, म्हणजे सिग्नलची शक्ती चाळिसाव्या हिश्श्यावर. ॲम्प्लिफायर कितीही स्थिर असू द्या, तो बिचारा इमानदारीने ठरलेली वाढ देत राहील आणि पलीकडच्या टोकाला कुजबुज पोहोचेल.

इथे फीडबॅक चालत नाही, कारण आउटपुट शंभर किलोमीटरवर आहे. आणि पलीकडच्या टोकाला नुसता आवाज ऐकून काही कळतही नाही. आवाज बारीक आला तो केबल तापल्यामुळे की बोलणारा हळू बोलतोय म्हणून? मग काय करायचं? बोलण्यासोबत एक असा सूर पाठवायचा ज्याची पातळी पाठवताना कधीच बदलत नाही. याला पायलट म्हणतात. गाण्याच्या मैफलीतला तानपुरा म्हणा. गवई वर जाईल, खाली जाईल, थांबेल, पण षड्ज चालूच. पलीकडच्या टोकाला एक सर्किट बाकी सगळं सोडून फक्त तो सूर ऐकत असतं. तो ठरल्यापेक्षा बारीक आला की वाढ वाढव, मोठा आला की कमी कर. पायलटला जे झालं तेच बोलण्यालाही झालं असणार.

बारा संभाषणांच्या गटाचा पायलट ८४.०८ किलोहर्ट्झला असायचा. हे ‘.०८’ कशाला? गट ६० ते १०८ किलोहर्ट्झमध्ये, प्रत्येक संभाषणाला ४ किलोहर्ट्झची खोली. ८४ ही दोन खोल्यांमधली भिंत. टेलिफोनवरचं बोलणं ३०० हर्ट्झच्या खाली जात नाही, म्हणून भिंतीला चिकटून थोडी मोकळी जागा असते. नेमकं भिंतीवर ठेवलं तर ४ च्या पटीतल्या कॅरिअर सुरांची (संभाषणांना आपापल्या खोलीत नेऊन बसवणाऱ्या सुरांची) गळती तिथेच येऊन मिसळते. म्हणून ८० हर्ट्झ बाजूला, रिकाम्या चिंचोळ्या पट्टीत. अशी जागा शोधणाऱ्याने चाळीत आयुष्य काढलं असावं असं मला नेहमी वाटतं.

आणि वाढ कमीजास्त करणारं बोट कोणाचं? बऱ्याच ठिकाणी थर्मिस्टरचं. हा असा रोधक की तापला की त्याचा रोध झपाट्याने उतरतो. पायलटच्या पातळीनुसार त्याला आतूनच कमीजास्त तापवायचं आणि त्याच्या बदलत्या रोधाने ॲम्प्लिफायरची वाढ फिरवायची. उष्णतेने घातलेला गोंधळ उष्णतेच्याच हाताने निस्तरायचा. शिवाय थर्मिस्टर संथ. त्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, हा एरवीचा दोष इथे गुण ठरतो, कारण मातीचं तापमान काही सेकंदात बदलत नाही. उगाच चपळ सर्किट लावलं तर ते प्रत्येक क्षणिक धक्क्याला नाचत बसेल.

मग डिजिटल एक्स्चेंज आली आणि माझ्या त्या सहा ऑसिलेटरांचं काम एका मेमरी चिपने घेतलं. डिजिटल टेलिफोनीत आवाज म्हणजे सेकंदाला ८,००० आकडे. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. ४०० हर्ट्झचा एक झोका म्हणजे बरोबर २० आकडे. ते चिपमध्ये लिहून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वाचत राहायचे. १६२० साठी ४०० आकड्यांची यादी लागते, तीत ८१ झोके नेमके बसतात. आकडा उन्हाने तापत नाही. वाचण्याचा वेग ठरवतो क्वार्ट्झचा स्फटिक, आणि साध्या स्फटिकाची चूकही दहा लाखांत वीसतीस भाग. १६२० मध्ये हर्ट्झचा विसावा हिस्सा.

अर्थात त्यासाठी ती चिप उन्हात जिवंत राहायला हवी. परदेशी डिजिटल एक्स्चेंज एसीशिवाय चालवायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खेड्यात एसी सोडा, विजेचाच भरवसा नव्हता. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, त्यांनी १२८ पोर्टांचं ग्रामीण एक्स्चेंज एसीविना चालेल असंच बेतलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. कमी वीज खाणाऱ्या चिप निवडायच्या, म्हणजे मुळात उष्णताच कमी निघेल. बाकीची हवेने आपसूक वर निघून जाईल. वरच्या सगळ्या क्लृप्त्यांपेक्षा हा विचार साधा आहे आणि मला त्यात जास्त शहाणपण दिसतं.

डिजिटलमध्येही एक जागा उरतेच, जिथे आकड्याचं पुन्हा व्होल्टेज करावं लागतं. एका आकड्याला नेमके किती व्होल्ट, हे ठरवायला न हलणारं माप हवं. ते मिळतं बँडगॅप नावाच्या सर्किटातून, रॉबर्ट विडलरने १९७१ मध्ये मांडलेल्या. त्यात तुमच्या चिमटीतला तोच डायोड आहे, दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरणारा. शेजारी दुसरं एक व्होल्टेज, दर अंशाला तेवढंच चढणारं. दोघांची बेरीज सुमारे १.२ व्होल्ट, खोली गार असो की गरम. स्टायरोफ्लेक्स आणि फेराइटचंच भांडण, सिलिकॉनच्या कणात.

सगळ्या एक्स्चेंजमध्ये एक आउटपुट मात्र असं, की ते तापमानाबरोबर बदललं नाही तर घात होतो. बॅटरीच्या चार्जरचं. २४ बंद लेड-ॲसिड सेल, प्रत्येकाला २.२५ व्होल्ट, एकूण ५४. हे २७ अंशांना. सेल तापला की तेवढ्याच व्होल्टेजला तो जास्त प्रवाह ओढतो आणि आतून सुकत जातो. म्हणून चार्जरने दर अंशाला प्रत्येक सेलमागे ३ मिलिव्होल्ट कमी करायचे, २४ सेलना मिळून ७२. त्यासाठी बॅटरीला एक सेन्सर चिकटवलेला असतो. एका ठिकाणी बॅटऱ्या वर्षभरात फुगल्या म्हणून मला बोलावलं होतं. चार्जर तपासला, निर्दोष. मग वायरच्या मागे मागे गेलो, तर सेन्सरची चिकटपट्टी सुटून तो रॅकच्या मागे एसीच्या झोतात लोंबकळत होता. बॅटऱ्या ३८ अंशांवर आणि चार्जरला वाटत होतं १८. तो त्याच्या परीने बरोबरच वागत होता, दीड व्होल्ट जास्त देत होता. मी सेन्सर उचलून मधल्या सेलच्या अंगाला टेकवला आणि चिकटपट्टीवर पुन्हा विश्वास नको म्हणून सुतळीने करकचून बांधला.